काळ्या दगडाची दरज

मुरूडच्या किनाऱ्यासमोर, समुद्रात, पद्मदुर्ग आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह म्हणून शिवाजी महाराजांनी बांधून घेतलेला. होडीतून उतरणारी बहुतेक माणसं कमळाच्या पाकळ्यांसारख्या चर्यांचा बुरूज पाहतात, फोटो काढतात आणि परततात. तटाच्या अगदी जवळ गेलं तर त्याहून विलक्षण गोष्ट दिसते. तीन शतकांहून जास्त काळ खारा वारा आणि लाटा सोसून दगड आतल्या आत झिजले आहेत, पण दोन दगडांमधला चुना जागचा हललेला नाही. एरवी भिंतीत दगड पुढे असतो आणि दरज मागे. इथे दरज पुढे उभी आहे आणि दगड खळग्यात गेले आहेत.

या तटाचं 1:100 मापाचं मॉडेल करायचं ठरवलं, तर दुकानात मिळणारं कुठलंही तयार शीट उपयोगाचं नाही. छोट्या प्रतिकृतींसाठी दगडविटांचा उठाव असलेली प्लॅस्टिकची आणि कार्डाची शीटं मिळतात, चांगली मिळतात. पण हा छंद वाढला तो ब्रिटनमध्ये, जर्मनीत, अमेरिकेत. त्यामुळे शीटांवरच्या भिंतीही तिथल्या. इंग्लिश बाँडची वीट, फ्लेमिश बाँडची वीट, स्लेटचं छप्पर, गोट्यांचा फरसबंद रस्ता. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा तट, कोकणातला जांभ्याचा गडगा, वाड्याची पातळ वीट, मंगलोरी कौलांचं पाखं यांतलं त्या यादीत काहीच नाही. आपल्याकडे मॉडेल करणारे नाहीत असं थोडंच आहे? पुण्यात कोथरूड भागात भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय 1998 पासून सुरू आहे. वास्तुरचनेचं शिक्षण देणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयात दर सहामाहीला शेकड्यांनी मॉडेलं होतात. बिल्डरांच्या विक्री कार्यालयात काचेखाली अख्खी वसाहत मांडलेली असते. पण तिथल्या भिंतींवर बहुधा छापील व्हिनाइल चिकटवलेलं असतं. ते सपाट असतं, दिवा कुठूनही टाका, त्यावर सावली पडत नाही.

आपल्या भिंतींचा पोत आपल्यालाच काढावा लागणार, आणि आता तो काढण्याचं साधन गल्लीतल्या दुकानात आलं आहे, असं माझं म्हणणं आहे. ते साधन म्हणजे लेझर कटर. या यंत्राचं मूळ शोधत गेलं तर वाट पुन्हा इथेच येते, याचा मला फार आनंद वाटतो. पहिला लेझर 1960 साली थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियात माणकाच्या स्फटिकातून काढला. पण लाकूड, कागद आणि अॅक्रेलिक कापणाऱ्या आजच्या बहुतेक यंत्रांच्या काचनळीत असतो तो कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर, आणि तो 1964 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत साकारला तो कुमार पटेल यांनी. जन्म 1938, बारामती. अभियांत्रिकीची पदवी 1958 साली पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून, पुढचं शिक्षण स्टॅनफर्डला. नेमप्लेट, ट्रॉफ्या आणि लग्नपत्रिका कापणाऱ्या पेठेतल्या दुकानदाराला हे ठाऊक असेलच असं नाही, पण त्याच्या दुकानातली नळी बारामतीच्या माणसाची आहे. दुसरा धागा पाबळचा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली सुरू केलेल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात 2002 मध्ये फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर सुरू झालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. संगणकावर काढलेली आकृती यंत्राने समोर कापून देण्याची ही जादू शिरूर तालुक्यातल्या मुलांनी फार लवकर पाहिली.

या लेझरच्या किरणाची तरंगलांबी 10.6 मायक्रोमीटर, म्हणजे डोळ्याला न दिसणारी. लाकूड, कागद, चामडं, अॅक्रेलिक या वस्तू ती शोषून घेतात. चकचकीत धातू ती परतवतो, म्हणून नळीतून निघालेला किरण आरशांवरून वळवत वळवत भिंगापर्यंत नेता येतो. भिंग त्याला एका ठिपक्यात गोळा करतं. हा ठिपका साधारण 0.1 ते 0.15 मिलिमीटरचा. जिथे तो पडतो तिथला पदार्थ जळून किंवा वाफ होऊन उडतो. पॉवर जास्त आणि वेग कमी असेल तर आरपार कट, पॉवर कमी आणि वेग जास्त असेल तर वरवरची कोरणी. यंत्राला एवढंच येतं. पुढचं सगळं माणसाला येतं किंवा येत नाही.

आता एक हिशेब. आजच्या प्रचलित मापाची वीट धरा, 230 मिलिमीटर लांब आणि 75 मिलिमीटर जाड. दरज 10 मिलिमीटरची. रेल्वे मॉडेलवाल्यांच्या आवडत्या एचओ मापात, म्हणजे 1:87 मध्ये, वीट होते 2.6 मिलिमीटर लांब आणि 0.86 मिलिमीटर जाड, आणि दरज 0.115 मिलिमीटरची. किरणाचा ठिपका जेवढा, तेवढीच दरज. विटेच्या भिंतीसाठी मशीनला कोरायला लावायचीच गरज नाही. दरजेच्या जागी एक रेघ काढायची आणि हलक्या पॉवरवर त्या रेघेवरून किरण एकदा फिरवायचा. वीतभर लांबरुंद भिंत काही मिनिटांत होते. हातात ब्लेड आणि पट्टी घेऊन हेच काम करणाऱ्या जुन्या मॉडेलकारांची मान आणि डोळे किती शिणत असतील, ते अशी एक भिंत हाताने आखून पाहिल्याशिवाय कळत नाही.

दगडाचं तसं नाही. दगडाला फुगवटा असतो, कडा तुटलेली असते, एक पुढे तर दुसरा मागे असतो. त्यासाठी कोरणी लागते. भिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघांत ये-जा करतं आणि चित्रात जिथे गडद रंग असेल तिथे किरण जोर लावतो. पांढरं म्हणजे हात लावू नको, काळं म्हणजे खोल जा, आणि मधल्या करड्या छटा म्हणजे मधली खोली. असं करड्या छटांचं चित्र मशीनला दिलं की ते सपाट एमडीएफवर खरा उंचसखलपणा उभा करतं. याला वेळ लागतो. 10 सेंटिमीटर बाय 10 सेंटिमीटरचा तुकडा, रेघांत 0.1 मिलिमीटर अंतर, म्हणजे 1000 रेघा आणि किरणाचा 100 मीटर प्रवास. सेकंदाला 300 मिलिमीटर वेग धरला तरी साडेपाच मिनिटं, वर प्रत्येक टोकाला थांबून वळण्याचा वेळ. पुरेशा खोलीसाठी असे दोन-तीन हात द्यावे लागतात. लेझरची दुकानं बहुधा मिनिटावर पैसे घेतात, त्यामुळे दगडाची भिंत विटेच्या भिंतीहून कितीतरी महाग पडते. म्हणूनच मॉडेलमध्ये कुठली भिंत डोळ्यासमोर येणार आणि कुठली मागे राहणार हे आधी ठरवावं, आणि मागच्या भिंतीला नुसत्या रेघेवर भागवावं.

इथेच नवशिक्या माणसाला एक सोपी वाट खुणावते. भिंतीचा फोटो काढायचा, कृष्णधवल करायचा आणि मशीनला द्यायचा. फोटोत गडद आणि उजळ छटा असतातच की. पण फोटोतला काळेपणा रंगाचा आणि सावलीचा असतो, खोलीचा नसतो. पावसाळ्यानंतर काळ्या दगडावर शेवाळ वाळून काळा डाग पडतो. मशीनला तो खड्डा वाटतो आणि ते तिथे खोल कोरतं. चुन्याचा पांढरा ओघळ मशीनला उंचवटा वाटतो. भिंतीवर झाडाची सावली असेल तर सावलीच्या आकाराचा खळगा तयार होतो. अशा भिंतीवर हात फिरवला की कळतं, हा दगड नाही, दगडाच्या फोटोला आलेले फोड आहेत. अनेक बाजूंनी फोटो घेऊन संगणकाकडून खरी खोली काढून घेण्याची पद्धत आहे आणि ती चांगली आहे. पण मला विचाराल तर निदान पहिल्या काही भिंती हाताने चितारल्या पाहिजेत. तट समोर ठेवून एकेक दगड काढायचा, प्रत्येकाला कितपत पुढे आणि कितपत मागे ते ठरवून करडी छटा द्यायची. हे करताना भिंत ज्या तऱ्हेने समजते, तशी दुसऱ्या कशाने समजत नाही.

आणि भिंत समजणं हाच या सगळ्याचा गाभा आहे. तटाकडे पाहून वाटतं, दगड कसेही लावलेत. संगणकाला सांगितलं, वेडेवाकडे दगड पसर, की तोही पसरतो. पण ते चित्र भिंतीसारखं दिसत नाही आणि का दिसत नाही ते चटकन सांगताही येत नाही. कारण गवंड्याने दगड कधीच कसेही लावलेले नसतात. सांधेमोड हा त्याचा पहिला नियम, वरच्या थराचा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येता कामा नये. मोठे दगड खाली, लहान वर. कोनात सगळ्यांत मोठे आणि सगळ्यांत नीट घडवलेले चिरे, एका थरात लांब तोंड या बाजूला तर पुढच्या थरात त्या बाजूला. मधूनमधून भिंतीत आत खोल गेलेला दगड, ज्याचं फक्त आखूड तोंड बाहेर दिसतं. दगडांच्या बेचक्यात ठोकलेल्या चिपा. थर आडवा राखायचा, पण दोन जाड दगडांशेजारी पातळ दगड आला तर त्यावर आणखी एक पातळ ठेवून पुन्हा पाणसळीत यायचं. हे नियम ज्याने काढताना पाळले, त्याची रेघ कितीही साधी असो, भिंत उभी राहते. ज्याने पाळले नाहीत त्याच्या भिंतीला कितीही बारीक टाकीचे घाव घाला, ती कोसळेलशी दिसते.

टाकीच्या घावांवरून आठवलं. मॉडेल करताना माणसाला सगळं दाखवायचा मोह होतो. 1:87 चं मॉडेल आपण अर्ध्या मीटरवरून पाहतो, म्हणजे खरी इमारत 43 मीटरवरून पाहिल्यासारखं. 43 मीटरवरून एखाद्या वाड्याकडे किंवा तटाकडे पाहा. थर दिसतात, पोट आलेली भिंत दिसते, डाग दिसतात, पडलेल्या दगडाचं भगदाड दिसतं. टाकीचे घाव दिसत नाहीत. दोन मिलिमीटर खोल घाव 1:87 मध्ये 0.02 मिलिमीटरचा होतो, तो किरणाला कोरता येत नाही आणि डोळ्याला टिपता येत नाही. तरीही कोरला तर तो मापाने सेंटिमीटरभर रुंद होतो. उलट काही गोष्टी मुद्दाम वाढवाव्या लागतात. इमारत लहान करता येते, प्रकाश लहान करता येत नाही. एक सेंटिमीटर मागे गेलेली दरज मापात 0.115 मिलिमीटर खोल होते आणि एवढ्याशा खोलीत सावली धरत नाही. म्हणून ती दुप्पट खोल घ्यावी. मापाचे कडक पुरस्कर्ते याला नाक मुरडतात. मला हा सौदा योग्य वाटतो, कारण तटाची ओळख सावलीत असते.

यादवकालीन देवळांच्या बाबतीत मात्र मी उलट टोकाला जाईन. चुना न वापरता दगडावर दगड बसवून रचलेली ती भिंत. दरज इतकी बारीक की तिला मापात आणलं तर काही उरतच नाही. अशा देवळाच्या मॉडेलवर ठळक दरज कोरणं खोटं आहे. तिथे दुसरी युक्ती चालते. दरज कोरायचीच नाही. प्रत्येक दगडाला शेजाऱ्यापेक्षा किंचित वेगळी करडी छटा द्यायची, म्हणजे एक दगड केसभर पुढे आणि दुसरा केसभर मागे राहतो. मग तिरपा दिवा टाकला की सांधा आपोआप दिसतो.

बुरुजाने मात्र भल्याभल्यांना घाम फोडला आहे. बुरूज गोल, आणि वर निमुळता होत गेलेला. शीट सपाट. एक-दीड मिलिमीटरच्या माउंट बोर्डवर थर कोरून ते लेझरनेच कापलेल्या गोल चकत्यांवर गुंडाळता येतं, किंवा एमडीएफच्या पाठीला जवळजवळ उभ्या चिरा देऊन ते वाकवता येतं. वाकवणं सोपं आहे. चूक होते ती आधी, थर काढताना. समजा बुरुजाचा पायथ्याचा व्यास 12 मीटर, माथ्याचा 11, उंची 9. मापात 1:100. हा शंकूचा तुकडा उलगडून सपाट केला तर तो आयत होत नाही, पंख्याच्या पट्टीसारखा वक्र होतो आणि त्याच्या खालच्या कडेची त्रिज्या होते सुमारे 1080 मिलिमीटर. अर्ध्या बुरुजाची पट्टी साधारण 19 सेंटिमीटर लांब. तिच्यावर थर सरळ रेघेत काढले तर गुंडाळल्यावर मध्य आणि टोकं यांत 4 मिलिमीटरचा फरक पडतो. प्रत्यक्षात तो 40 सेंटिमीटर, म्हणजे थर मधोमध वर चढून बाजूंना खाली घसरतो. पाहणाऱ्याला शंकूचं गणित ठाऊक नसतं, पण बुरूज वाकडा आहे हे त्याला लगेच कळतं. थर त्या त्रिज्येच्या कंसात काढले की गुंडाळल्यावर ते पाण्याच्या पातळीसारखे आडवे बसतात. राजगडाचा किंवा लोहगडाचा बुरूज बांधणाऱ्याला हे कागदावर काढावं लागलं नाही. तो थरागणिक दोरी धरून घेर आवळत गेला.

कोपऱ्यांचं दुखणं याहून साधं आणि त्यावरचा उपाय मला सगळ्यात आवडतो. दोन कोरलेल्या भिंती काटकोनात जोडल्या की एका भिंतीची जळकी काळी कड उघडी पडते. लेझरवाले डबे जोडतात तसे एकात एक अडकणारे दात कापले तर जोड पक्का होतो, पण भिंत डब्यासारखी दिसते. त्याऐवजी दातांची उंची थरांच्या उंचीएवढी धरायची. प्रत्येक दात म्हणजे कोनातला एक चिरा, एका थरात या भिंतीचा पुढे, पुढच्या थरात त्या भिंतीचा. गवंड्याने कोन ज्या रीतीने बांधला त्याच रीतीने मॉडेल अडकतं. जोड लपवावा लागत नाही, कारण जिथे जोड आहे तिथे खऱ्या भिंतीतही सांधाच आहे. राहिलेली काळी कड पॉलिश पेपरने घासून, कोरून दगडाच्या तोंडात मिळवून टाकता येते.

जांभ्याबद्दल थोडक्यात. ताजा खणलेला जांभा मऊ असतो आणि हवेत घट्ट होत जातो. त्याचं अंग छिद्रांनी भरलेलं. त्यासाठी किरण सलग न ठेवता ठिपक्याठिपक्यांनी पाडायचा आणि ठिपके लहानमोठे, काही एकमेकांत मिसळलेले ठेवायचे. नव्या घरांचा जांभा यंत्राच्या गोल पात्याने कापलेला असतो, त्याच्यावर कमानदार ओरखडे दिसतात. जुन्या घराच्या मॉडेलवर ते आले तर काळाचा घोटाळा होतो. 1:50 किंवा त्याहून मोठ्या मापात बुचाच्या पातळ पत्र्यावर नुसत्या दरजेच्या रेघा मारल्या आणि लाल-तपकिरी रंग दिला तरी जांभा सुरेख उतरतो. लेझर आहे म्हणून सगळं त्यानेच करावं असं नाही.

कौलांसाठी मात्र हातचं काही राखून ठेवू नये. कोकणातलं घर, घाटावरचा वाडा, जुनं रेल्वे स्टेशन, तालुक्याची कचेरी, शाळा, सगळ्यांवर एकच छप्पर, मंगलोरी कौलांचं. बासेल मिशनचे जॉर्ज प्लेब्स्ट यांनी 1865 मध्ये मंगळुरात कारखाना काढला आणि पश्चिम किनाऱ्याने ते कौल वर वर येत गेलं. त्याआधीची नळीची कौलं वेगळी, कुंभाराच्या चाकावरची, आणि त्यांचा पोतही वेगळा. मंगलोरी कौल साधारण 410 मिलिमीटर लांब आणि 235 मिलिमीटर रुंद, पण वरच्या आणि शेजारच्या कौलाखाली दडणारा भाग सोडला तर डोळ्याला दिसतं ते अंदाजे 320 बाय 200. सपाट शीटवर कौलांचं चित्र कोरून छप्पर होत नाही. खरं छप्पर थरांचं आहे, तेही थरांचंच हवं. 1:87 ला कौलाची जाडी 0.2 मिलिमीटरच्या आसपास येते आणि जाड कार्डपेपरची जाडी नेमकी तेवढीच असते. त्या कागदाच्या लांब पट्ट्या कापायच्या, प्रत्येक पट्टीवर कौलांच्या उभ्या खाचा हलक्या पॉवरने मारायच्या, खालची कड कौलांच्या ओठांसारखी कापायची, आणि वळचणीपासून आढ्याकडे एकेक पट्टी मागच्या पट्टीवर चढवत जायचं. 5 मीटरच्या पाख्याला 16 ओळी लागतात. आढ्यावर कोने बसवले की पाखं पुरं.

पुरं, पण अजून खरं नाही. कारण कौलारू छप्पर कधीच सगळं एकसारखं नसतं. दर पावसाळ्याआधी घर शाकारतात. फुटलेलं कौल बदलतात आणि त्याजागी शेजारच्या पडक्या घराचं, वेगळ्या कारखान्याचं, नाहीतर नवं कोरं लाल कौल येतं. दोन वाशांमध्ये रीप वाकून ओळ किंचित खाली बसलेली असते. मांजराने किंवा माकडाने सरकवलेलं कौल तिरकं असतं. उत्तरेकडच्या पाख्यावर शेवाळ जास्त. स्वयंपाकघरावर एक काचेचं कौल, उजेडासाठी. ते पारदर्शक फिल्मचं कापून त्याच ओळीत बसवावं आणि आत दिवा ठेवावा. म्हणून कौलांची एकच पट्टी काढून सोळा वेळा कापू नये. निदान पाच-सहा वेगवेगळ्या पट्ट्या काढाव्यात, त्या उलटसुलट क्रमाने लावाव्यात, आणि एखादी ओळ चिकटवताना मुद्दाम हलू द्यावी. तोचतोपणा माणसाच्या डोळ्याला फार लवकर सापडतो. भिंतीवर एकाच आकाराचा फुटका दगड दोनदा आला तर पाहणारा बाकी सगळं सोडून त्या दोन दगडांकडेच पाहत राहतो.

साहित्याच्या बाबतीत एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगायला हवी, कारण ती जिवाशी आहे. विद्यार्थ्यांच्या मॉडेलांत सर्रास वापरला जाणारा सनबोर्ड बहुतेक वेळा पीव्हीसीचा फोम असतो. पीव्हीसीत क्लोरीन असतं. लेझरखाली ते जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, जो छातीला घातक आहे आणि मशीनचे आरसे, पट्ट्या, लोखंड सगळं गंजवतो. सनबोर्ड ब्लेडनेच कापायचा. एमडीएफच्या धुरात फॉर्मल्डिहाइड असतं, त्यामुळे धूर बाहेर ओढणारा पंखा चालू नसेल तर यंत्रही चालू नको. आणि किरण सुरू असताना यंत्र सोडून चहाला जायचं नाही. कागद आणि लाकूड पेट घेतात. अॅक्रेलिक दगडासाठी मला फारसं आवडत नाही, त्याच्या कडा वितळून मऊ, गोल होतात. दगडाला कोरडी, तुटकी कड हवी आणि ती एमडीएफ किंवा दाट ग्रे बोर्ड देतो. एमडीएफची प्रत्येक खेप वेगळी जळते. म्हणून खरी भिंत लावण्याआधी त्याच शीटच्या कोपऱ्यात पॉवर आणि वेग यांच्या चढत्या चौकोनांची एक परीक्षापट्टी कोरून घ्यावी आणि तिच्यावर आकडे लिहून ती जपून ठेवावी.

रंगाआधी सीलर द्यावा, नाहीतर एमडीएफ पाणी पिऊन फुगतं आणि बारीक कोरणी बुजते. मग रंग. काळा पाषाण काळा नसतो. हे वाक्य मॉडेल करणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी सांगायला हवं. कोरड्या दिवसांत तो निळसर करडा असतो, लोहाच्या अंशाने कुठे गंजल्यासारखा तपकिरी, चर्यांखाली पावसाच्या ओघळांनी गडद, दगडफुलांच्या ठिपक्यांनी पिवळट-पांढरा. मॉडेलवर ठार काळा रंग लावला की सगळी कोरणी गिळली जाते. करड्या रंगाचा हात, त्यावर पातळ गडद रंग ओतून दरजांत उतरू द्यायचा, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने उजळ करडा रंग दगडांच्या तोंडावर फिरवायचा. पद्मदुर्गाच्या भिंतीला हेच उलट. कोरताना दगड काळे आणि दरज पांढरी दिलेली असते, म्हणून दगड खळग्यात जातात. मग कोरडा ब्रश उभ्या राहिलेल्या चुन्यावरून जातो आणि त्याला उजळ करतो.

दिवाळीच्या दिवसांत अंगणात मुलांचे किल्ले होतात, म्हणून किल्ल्यांबद्दल. 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतली जिंजी. त्यानंतर लेझरने कापलेल्या किल्ल्यांच्या तयार जुळणीच्या पेट्या बाजारात आल्या तर मला नवल वाटणार नाही. अंगणातल्या किल्ल्याला ते नको. दगड, गोणपाट, चिखल आणि आळिवाची हिरवळ यांनी मुलांच्या हाताला जो उतार आणि जी दरड कळते, ती कापून आलेल्या तुकड्यांतून कळणार नाही. लेझरचं काम पुढचं आहे. ज्या मुलाने चिखलाचा बुरूज केला आहे, त्याने नंतर कधीतरी खरा बुरूज मोजावा आणि त्याचे थर कंसात काढावेत. तो शंकू उलगडतानाचं गणित त्याला शाळेतल्या फळ्यापेक्षा लवकर उमगेल.

वाडे झपाट्याने पाडले जात आहेत, कौलांवर पत्रे येत आहेत. तुमच्या घराची, आजोळची किंवा शेजारची एखादी जुनी भिंत पुढच्या वर्षी नसणार हे ठाऊक असेल तर येत्या सुट्टीत तिची नोंद करा. सकाळी किंवा उतरत्या उन्हात, प्रकाश तिरपा असताना, भिंतीच्या अगदी समोर उभं राहून फोटो घ्या, आणि पुन्हा एकदा ढगाळ उजेडात घ्या, म्हणजे सावली आणि डाग वेगळे ओळखता येतील. फोटोत मोजपट्टी ठेवा. एका थराची उंची मोजू नका, दहा थरांची एकत्र मोजा आणि दहाने भागा. कोपऱ्याचा फोटो वेगळा घ्या. कौल उतरवलंच तर त्याच्या पाठीवर कारखान्याचं नाव उमटलेलं असतं, तेही टिपा. आणि भिंत कुठल्या दिशेची आहे ते लिहायला विसरू नका, शेवाळ कुठे रंगवायचं ते त्यावरून ठरतं.